काकवी लागलेली बोटं

उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या की आठ-पंधरा दिवसांत आमच्या दुकानात काकवीची बाटली येते. राजारामपुरीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. नवरा डोळे तपासतो, मी काउंटरला बसते. बाटली कधी दूधगाडीचा ड्रायव्हर आणून ठेवतो, कधी गावाकडचं कुणी दवाखान्याला आलेलं असतं ते. "वैजाताईनं दिलीया," एवढाच निरोप. सरबताची जुनी बाटली, बुचाखाली प्लॅस्टिकचा कागद, वर दोरा घट्ट आवळलेला. तरी बुचाभोवती मुंग्या असतातच. घरात सगळे चपातीबरोबर काकवी खातात, मुलगा तर बोटानं चाटतो. मी खात नाही. शुगरचं निमित्त सांगते. शुगर मला नाही.

यंदा बाटली घेऊन वैजी स्वतः आली, आणि त्यानंतर जे झालं त्यातून मी अजून सावरलेली नाही. गिऱ्हाईक समोर फ्रेम धरून उभं असतं आणि मी नुसती त्याच्याकडे बघत राहते. नवरा विचारतो, काय झालंय तुला. इतकी वर्षं जे बोलले नाही ते बोलायला सुरुवात कुठून करतात, तेच मला ठाऊक नाही. लिहिताना निदान समोर कुणाचा चेहरा नसतो. म्हणून लिहिते आहे.

वैजी म्हणजे वैजयंता. हँडबॉल बघणाऱ्या थोड्याथोडक्या लोकांना ती डावखुरी म्हणून आठवत असेल. उजव्या कोपऱ्यातून पळत येऊन उडी मारायची आणि डाव्या हातानं बॉल असा फेकायची की गोलकीपरला तो गेल्यावर कळायचं. महाराष्ट्राची कॅप्टन झाली, भारताच्या टीममधून परदेशी खेळून आली, गळ्यात पदक घालून गावात आली तेव्हा तिला ट्रॅक्टरवर उभी करून मिरवली होती. पोलिसात नोकरी लागली. आमच्या गावात आजही कुणी पोरगी मैदानावर दिसली की म्हातारी माणसं म्हणतात, वैजी व्हायचंय व्हय गं तुला.

मी तिच्याच वर्गातली, तिच्याच टीममधली. ती गोल मारायची आणि मी गोलात उभी असायची.

शाळेचं मैदान गुऱ्हाळाला लागून होतं. मधे बांधाएवढी भिंत. हंगाम सुरू झाला की चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं धडधडायची, वरच्या मोठ्या काहिलीतला रस उकळायला लागायचा आणि त्या वासानं आमची सगळी प्रॅक्टिस भरून जायची. आधी हिरवा, गवतासारखा वास. मग मळी काढली की जरा आंबूस. आणि शेवटी, गूळ होण्याच्या अलीकडे, असा दाट, तपकिरी वास की तोंडाला पाणी सुटायचं. सर शिट्टी वाजवायचे आणि आम्हाला भूक लागलेली असायची. थंडीत अंगावर शहारा, पायाखाली भुसभुशीत माती, आणि भिंतीवर बसलेली गुऱ्हाळातली माणसं. आमचा खेळ ही त्यांची करमणूक.

मोठ्या टीमच्या पोरी बोटांना राळ लावतात, बॉल हातातून निसटू नये म्हणून. आमच्या सरांनी ती राळ कुठल्याशा स्पर्धेत बघितली होती आणि आम्हाला वर्णन करून सांगितली होती. आम्हाला राळ कुठली मिळणार? वैजीचा बाप गुळव्या होता, काहिलीतला रस कधी उतरवायचा ते ठरवणारा. तिनं एक दिवस वाटीत काकवी आणली. अंगठा आणि दोन बोटं बुडवली, मातीत जराशी घासली आणि बॉल उचलला. बॉल तळहाताला चिकटून राहिला. आम्ही सगळ्या येड्यासारख्या हसत सुटलो. त्या हंगामापासून ती आमची रीत झाली. बॉलला मुंग्या लागायच्या, गांधीलमाशा मागं यायच्या. एकदा जिल्ह्याच्या मॅचला पलीकडच्या गोलकीपरनं बॉल अडवला आणि बोटं चाटून बघितली. "गोड लागतोय की गं बॉल," असं ती भर मैदानात म्हणाली. पंच वास घेत उभे राहिले.

हे सगळं मी लोकांना सांगते. हसून सांगते. दुकानात सुद्धा सांगते. ह्याच्यापुढचं सांगत नाही.

गोलकीपरचं एक असतं. तिच्याकडे लोक फक्त ती चुकल्यावर बघतात. वैजीचे बॉल मी रोज अंगावर घ्यायची. मांड्या, पोट, एकदा तर गाल सुजला होता. एका संध्याकाळी तिचे लागोपाठ सगळे बॉल माझ्या शेजारून आत गेले. सर म्हणाले, "शैला, तू नुसती उभी ऱ्हा. वैजीला नेम धरायला काहीतरी खूण पाहिजेच की." भिंतीवरची माणसं खो खो हसली. पोरी हसल्या. वैजी पण हसली. वाईट मनानं नाही. ती हसरीच होती.

राज्याच्या टीमची निवड चार दिवसांवर होती. तिची निवड होणार हे सगळ्यांना माहीत होतं. माझं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं.

खेळ परत सुरू झाला. मधल्या एका पोरीनं लांब पास दिला आणि वैजी एकटीच सुटली, समोर फक्त मी. हँडबॉलमध्ये अशा वेळी गोलकीपरनं पुढे यायचं असतं, हात पसरून. त्यात गैर काही नाही. तिनं तीन पावलं टाकली आणि उडी मारली. उजवा हात मागं, तेव्हा ती उजव्यानंच मारायची, बॉल बोटांना चिकटलेला. आणि मी पुढे गेले. बॉलकडे बघत नव्हते. मी तिच्या पायांकडे बघत होते, ते जिथं टेकणार होते तिकडे. खांदा घातला तिच्या पायाखाली.

ती हवेत फिरली आणि उजव्या खांद्यावर पडली. आवाज झाला. पेरावर ऊस मोडतो तसा. पलीकडे काहिलीत रस उकळायचा आवाज तेवढा येत राहिला. मी मोठ्यानं रडायला लागले. मी एवढी रडले की दोघी-तिघी वैजीला सोडून मला धरायला आल्या. "चुकून झालं गं, तू कशाला रडालीस," म्हणाल्या. सरांनी पण पाठीवर हात ठेवला. मी मान हलवली. तेवढ्या मान हलवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं.

तिच्या बापानं तिला टेम्पोत घालून आधी हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं ओढलं, पाला बांधला. दवाखान्यात नेईपर्यंत खांदा वाकडाच जुळला होता. निवड हुकली.

मी तिच्या घराकडे फिरकले नाही. आणि मग एका संध्याकाळी ती आमच्या दारात उभी. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या काखेत बॉल, डाव्या हाताच्या बोटांना काकवी.

"चल, उभी ऱ्हा गोलात."

त्या हंगामात आम्ही रोज मैदानावर होतो. डावा हात तिला साथ देत नव्हता. बॉल भिंतीपलीकडे गुऱ्हाळात जायचा, चिपाडांच्या गंजीत जायचा, एकदा थेट काहिलीत पडणार होता. माणसं ओरडायची. हळूहळू तो गोलाकडे यायला लागला, आणि मग माझ्या अंगावर. मी हलत नसे. चुकवत नसे. मनात म्हणायची, लागू दे. घरी आंघोळीला गेले की अंगावरचे काळेनिळे डाग मोजल्यासारखी बघायची आणि मला बरं वाटायचं. माझं मी प्रायश्चित्त घेते आहे आणि कुणाला कळत नाही, असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी सरांनी तिला उजव्या कोपऱ्यात उभी केली. त्या बाजूनं डाव्या हातानं मारणारी पोरगी सगळ्या राज्यात शोधून सापडत नव्हती. बाकीचं पेपरात आलं. प्रत्येक सत्कारात ती स्टेजवरून माझं नाव घ्यायची. "शैला नसती तर माझा डावा हात न्हवता." लोक टाळ्या वाजवायचे. मी मान खाली घालायची. लोकांना ती नम्रता वाटायची.

माणूस स्वतःला काय काय पटवतो. मी पटवलं होतं की झालं ते एका परीनं बरंच झालं. उजव्या हातानं खेळली असती तर तिच्यासारख्या दहा होत्या. हे मी कधी कुणाशी बोलले नाही, पण मनात त्याला हात लावून ठेवलेला असायचा, देवाच्या पायाला लावतात तसा. मग मधेच काहीतरी कानावर यायचं आणि तो हात निसटायचा. हुपरीचं एक स्थळ आलं होतं तिला, चांदीचं काम करणारं चांगलं घर. पैंजणाचं माप घेऊन गेली माणसं. आणि मग मुलाच्या आईनं तिला भरलेली घागर डोक्यावर घ्यायला सांगितली. उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. स्थळ गेलं. गावात म्हणाले, एवढी मोठी खेळाडू, तिला कुठला हुपरीचा नवरा चालतोय.

मग तिनं दूध संघाच्या गाडीवरच्या एका शांत ड्रायव्हरशी लग्न केलं. केस बारीक कापले. ते तर लई गाजलं गावात. मी पण म्हणाले होते, पोलिसात गेली, आता स्टाईल आली.

तर यंदा ती दुकानात आली. काउंटरवर बाटली ठेवली आणि म्हणाली, "जवळचं दिसंना झालंय. दे काहीतरी."

मी फ्रेम दिली. चष्मा दोन्ही हातांनी घालतात. हे आम्ही दिवसभर बघतो म्हणून आमच्या लक्षातही येत नाही. तिनं डाव्या हातानं एक काडी कानावर टेकवली. उजवा हात वर आला, हनुवटीपर्यंत आला आणि तिथं थांबला. तसाच. मग तिनं मान वाकडी करून दुसरी काडी कानावर सरकवली, इतक्या सफाईनं की सवय कळावी. आरशात बघत म्हणाली, "म्हातारी दिसालोय की गं."

माझ्या तोंडून निघालं, "वैजे, केस..."

"काय केस?"

"तू केस कापलेस ते..."

"वेणी कोण घालणार? पोरगी व्हायच्या आधी नवरा घालायचा. त्याला जमंना. वाकडी घालायचा, मी ड्युटीवर तशीच जायची, सायेब हसायचे. मग टाकले कापून."

इतक्या वर्षांत मी तिच्या घरी जेवले होते, तिच्या पोरीच्या बारशाला गेले होते. एकदाही तिला केसाला हात लावताना बघितलं नव्हतं, आणि नाही बघितलं हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ती म्हणाली, "मंगळवार पेठेत शाळेच्या ग्राउंडवर पोरी घेतो मी संध्याकाळच्या. एक गोलकीपर हाय, ऋतुजा. नजर लई भारी, पाय हलत न्हाईत. ये की जरा. दरसाल नको म्हणतीस."

"येते."

ती चकित होऊन बघत राहिली. "बरं. येतो मग मी," म्हणून उठली. आमच्याकडच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात. मी राजारामपुरीत आल्यावर सोडलं. वैजीनं भारताच्या टीममध्ये जाऊनसुद्धा सोडलं नाही.

ते मैदान लहान आहे, चारी बाजूंनी घरं. गुऱ्हाळ नाही, वास नाही; भजीच्या तळणाचा वास येतो आणि तालमीतल्या पोरांच्या आरोळ्या. पण पोरींच्या वाटीत काकवी होती. आता दुकानात राळ मिळते, तरी. ऋतुजा माझ्यासारखीच हाडकुळी, ओठ दाबून उभी राहणारी. मी तिला पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. ती भराभर शिकत होती. मला आनंद होत होता आणि त्या आनंदाची भीतीही वाटत होती.

गेल्या आठवड्यात सानिका म्हणून एक पोरगी, तिथली सगळ्यात चांगली मारणारी, एकटी सुटून आली. ऋतुजाला आधीच दोन गोल बसले होते आणि कुणीतरी मागून म्हणालं होतं, "झोपली गं, उठवा तिला." सानिकानं उडी मारली. ऋतुजा पुढे गेली.

मी रेषेबाहेर उभी होते. मला ऋतुजाचे डोळे दिसले.

सानिका मनगटावर पडली. निवड तोंडावर आलेली, आणि हात प्लॅस्टरमध्ये. आणि ऋतुजा रडायला लागली. पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या. "चुकून झालं गं," कुणीतरी म्हणालं. माझ्या कानात एवढा मोठा आवाज भरला की पुढचं मला ऐकू आलं नाही. रस उकळत होता.

सानिकाला तिचा बाप घेऊन गेला. पोरी पांगल्या. ऋतुजा एकटी गोलाच्या खांबाशी बसून राहिली. वैजी बॉल जाळीत भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू गोलकीपर होतीस. तूच सांग. चुकून का मुद्दाम? मुद्दाम असंल तर टीममधनं काढायला पाहिजे."

'चुकून' म्हणायला काही लागत नाही. मान हलवली तरी चालतं. मला येतं ते.

"मुद्दाम," मी म्हणाले.

"कशावरनं?"

"बॉलकडं बघत नव्हती. पायाकडं बघत होती." आणि मग माझा आवाज मलाच परका वाटला. "मी पण बघत नव्हते, वैजे. तेव्हा."

वैजीनं जाळीला गाठ मारली. डाव्या हातानं आणि दातानं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगायचंय? मी वर होतो की. वरनं सगळं दिसतं. उडी मारल्यावर लई वेळ असतो माणसाला. तुझी मान खाली होती."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं..."

"बोललो असतो तर तू आली असतीस गोलात?" तिनं जाळी खांद्याला अडकवली, डाव्या. "बाकीच्या पोरी माझ्या बॉलला भ्यायच्या, बाजूला व्हायच्या. तू हलायची न्हाईस. का हलत न्हाईस ते मला कळत होतं. मला गोलकीपर पाहिजे होती, शैले. खरं सांगू? सुरवातीला नेम बसत नव्हता ते खरं. पण नंतर नंतर बसत होता. तुझ्या अंगावर लागलेले सगळे काय चुकून न्हवते."

मला काय वाटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. माझं प्रायश्चित्त, माझं गुपित, माझ्या अंगावरचे डाग. ते सगळं तिनं नेम धरून दिलेलं होतं. आणि स्टेजवरून माझं नाव घेताना ती थट्टा करत नव्हती, माफही करत नव्हती. जे झालं तेवढंच सांगत होती. मी खरंच तिच्या नेमाची खूण होते. सर म्हणाले होते तसंच.

"राग?" मी कसंबसं विचारलं.

"येतो की. रोज. झंपर अंगात घालताना येतो. दुपारपातुर जातो. काय काय दिवशी न्हाई जात."

"आणि दरवर्षी काकवी का पाठवतेस मग?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी येडं विचारलंय. "तुझ्या पोराला आवडती म्हणून."

मग तिनं खांबाकडे मान वळवली. ऋतुजा गुडघ्यात डोकं घालून बसली होती. "हिचं काय करू? काढू?"

मला माझा तो हंगाम आठवला. सगळ्यांनी मला धरलं होतं, पाठीवर हात ठेवले होते, आणि एकानं सुद्धा विचारलं नव्हतं. वैजीनं सुद्धा नाही. विचारलं असतं तर मी कदाचित मेले असते लाजेनं, पण मग उरलेली वर्षं तरी जगले असते.

"काढू नको," मी म्हणाले. "माझ्याकडं दे जरा."

सानिकाचं घर तिथून दोन बोळ पलीकडे. मी ऋतुजाचा हात धरून निघाले. तिची बोटं चिकट होती, माझीही झाली. सोडवावीशी वाटली नाहीत. दाराशी आलो तेव्हा ती थांबली.

"मावशी, ती माझं तोंड बघणार न्हाई आता."

"नाही बघायची कदाचित."

"मग?"

"मग ते तिनं ठरवायचं. तिला ठाऊक आहे, ऋतुजा. ती वर होती."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. माझाही मघाशी असाच पडला असणार. ती बारीक आवाजात म्हणाली, "वैजाताईंशी बोलताना मी ऐकलं तुमचं. तुम्ही तवा काय केलं होतं, त्या पडल्यावर?"

"रडले. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं."

तिचे डोळे पुन्हा भरून आले. मी कडी वाजवली.

"तू रडू नकोस," मी म्हणाले. "आधी बोल. आज रडायचं ते तिला रडू दे."

आत पावलं वाजली.